पुणे लोकसभा मतदारसंघ कुणाचाच बालेकिल्ला का नाही

निवडणूक जवळ आली की पुण्यात दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. साठी ओलांडलेली मंडळी म्हणतात, "पुणं मूळचं काँग्रेसचं." तिशीतली मुलं म्हणतात, "पुणं म्हणजे भाजपच, त्यात काय विचारायचं?" आपापल्या आठवणीपुरतं दोघांचंही खरं आहे. पण १९५२ पासूनचे निकाल एका ओळीत मांडून पाहिले की दोन्ही वाक्यं लंगडी पडतात. या शहराने काँग्रेसचे माजी केंद्रीय मंत्री पाडले, समाजवाद्यांना दोनदा दिल्लीला पाठवलं, राज्यात काँग्रेसची लाट असताना भाजप निवडला आणि युतीची लाट असताना काँग्रेस.

हे नीट समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. 'इथला निकाल ठरलेलाच असतो' हे एकदा डोक्यात बसलं की माणूस मतदानाच्या दिवशी घराबाहेर पडत नाही. आणि पुण्याचे गेल्या चार निवडणुकांचे आकडे पाहिले तर निकाल फिरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच दिसते: कोण बाहेर पडलं आणि कोण घरी बसलं.

आधी पुणे म्हणजे नेमकं कुठलं पुणे?

बालेवाडीत राहणारा माणूस पुणे लोकसभेसाठी मत देतो. तिथून चालत जाता येईल अशा म्हाळुंग्यात राहणारा बारामती लोकसभेसाठी. २०२४ मध्ये म्हाळुंगेकरांचं मतदान ७ मे रोजी झालं, बालेवाडीकरांचं १३ मे रोजी. हिंजवडीचं आयटी पार्क बारामतीत, मगरपट्टा शिरूरमध्ये, वाघोलीही शिरूरमध्ये. सिंहगड रस्त्याने धायरी-नऱ्ह्याकडे निघालात तर वाटेत कुठेतरी पुणे मतदारसंघ संपतो आणि बारामती सुरू होतो. रस्ता तोच, पाटी कुठेही नाही.

असं का होतं? महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा आहेत आणि लोकसभेच्या ४८. म्हणजे एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ. लोकसभेची सीमा आखताना विधानसभेचा मतदारसंघ मधूनच तोडत नाहीत, अख्खाच्या अख्खा उचलून इकडे किंवा तिकडे टाकतात. पुणे जिल्ह्यात विधानसभेच्या जागा २१. सहा-सहाचे तीन गट केले की पुणे, बारामती आणि शिरूर भरतात आणि तीन जागा उरतात: मावळ, चिंचवड, पिंपरी. या तिघांना घाट उतरून रायगड जिल्ह्यातल्या पनवेल, कर्जत आणि उरणशी जोडलं, आणि मावळ लोकसभा मतदारसंघ झाला. पिंपरीचा मतदार आणि उरणच्या समुद्रकाठचा मतदार एकच खासदार निवडतात, त्यामागे एवढाच हिशेब आहे.

पुण्याच्या वाट्याला आलेले सहा म्हणजे वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ. यातला कॅन्टोन्मेंट अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. खडकवासला शहराला चिकटून असूनही बारामतीत गेला आणि हडपसर शिरूरमध्ये.

ही आखणी २००८ सालची. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून ती केली. त्याआधीच्या पुणे मतदारसंघात भवानी पेठ आणि बोपोडी हे विधानसभा मतदारसंघ होते. ते नकाशावरून पुसले गेले, आणि कोथरूड व वडगाव शेरी नव्याने आले. ऐकायला हा किरकोळ सरकारी बदल वाटतो, पण परिणाम मोठा झाला. भवानी पेठ आणि बोपोडी म्हणजे जुन्या वस्त्या, कष्टकरी, दलित आणि मुस्लिम मतदारांची मोठी संख्या. कोथरूड म्हणजे पेठांमधून बाहेर पडलेला मध्यमवर्ग आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांच्या सोसायट्या. मतदारसंघाचं नाव तेच राहिलं, आतली माणसं बदलली. म्हणून १९९८ चा निकाल आणि २०१९ चा निकाल शेजारी ठेवून 'पुणेकर बदलले' असं म्हणताना जरा थांबायला हवं. पुणेकर थोडे बदलले असतील, पण मोजणीच्या टेबलावर येणारं पुणंच वेगळं होतं.

इथे एक गोंधळ नेहमी होतो, तो दूर करतो. महापालिकेची हद्द वाढली म्हणजे लोकसभेची हद्द वाढली असं होत नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्या गावांतला माणूस मिळकतकर पुण्याला भरू लागला, पाण्यासाठी पुण्याच्या आयुक्तांकडे दाद मागू लागला. खासदार मात्र जिथला होता तिथलाच राहिला. लोकसभेच्या सीमा फक्त परिसीमन आयोग बदलू शकतो, आणि राज्यांच्या जागांची संख्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे.

काकासाहेब, नानासाहेब, एसेम आणि मोहन धारिया

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत 'पुणे' नावाचा एकच मतदारसंघ नव्हता. पुणे मध्य आणि पुणे दक्षिण असे दोन होते. पुणे मध्यमधून काकासाहेब गाडगीळ निवडून आले, नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातले बांधकाम, खाणी आणि वीज खात्याचे मंत्री. पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव. दोघंही काँग्रेसचे. मायदेव यांचं नाव मी मुद्दाम घेतो आहे. त्यांच्यानंतर आजपर्यंत पुण्याने एकही स्त्री लोकसभेवर पाठवलेली नाही. सावित्रीबाईंच्या, रमाबाईंच्या शहराला हे शोभत नाही.

तेव्हाची मतदानाची रीतही वेगळी होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतदार आडोशाला जायचा आणि हातातली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायचा. काँग्रेसची बैलजोडी, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी. मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत सार्वत्रिक निवडणुकीत आली ती १९६२ पासून.

१९५७ ची निवडणूक या मतदारसंघाच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी निवडणूक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी केंद्राने मराठी आणि गुजराती भाषकांचं द्विभाषिक मुंबई राज्य लादलं होतं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा म्हणून रस्त्यावर माणसं मेली होती. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, जनसंघ, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली एकत्र आले. पुण्यात समितीचे उमेदवार होते प्रजासमाजवादी पक्षाचे ना. ग. तथा नानासाहेब गोरे. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पहिली तुकडी घेऊन गेलेले आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगातून नुकतेच सुटून आलेले. समोर काकासाहेब गाडगीळ.

यातली खरी गंमत अशी की संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न काकासाहेबांनाही जिवाभावाचा होता. संसदेत त्यांनी त्याची बाजू तळमळीने मांडली होती. पण उमेदवारी काँग्रेसची होती, आणि द्विभाषिक काँग्रेसच्याच सरकारने आणलं होतं. मतदारांनी माणूस आणि पक्ष यांतून पक्षाला शिक्षा केली. गोरे निवडून आले. मोठ्या माणसाचा मान ठेवायचा आणि तरी त्याला पाडायचं, हे पुण्याने तेव्हाच करून दाखवलं.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि समितीचं प्रयोजनच संपलं. पक्ष पुन्हा आपापल्या वाटेने गेले. १९६२ मध्ये विरोधक विखुरलेले असताना काँग्रेसचे शंकरराव मोरे निवडून आले. हे मोरे मूळचे शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी, १९५२ मध्ये सोलापुरातून शेकापचे खासदार राहिलेले. १९६७ ला विरोधकांची पुन्हा मोट बांधली गेली आणि एस. एम. जोशी संयुक्त समाजवादी पक्षाकडून लोकसभेत गेले. त्या साली महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ३७ जागा काँग्रेसकडे होत्या. पुणं उरलेल्या आठांत होतं.

मग मोहन धारिया. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडून ते जिंकले, काँग्रेसमधल्या 'तरुण तुर्क' या बंडखोर गटापैकी एक म्हणून ओळखले गेले, राज्यमंत्री झाले. जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा असा आग्रह त्यांनी धरला, म्हणून मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून जावं लागलं. आणीबाणीत ते तुरुंगात होते. १९७७ मध्ये तेच धारिया, त्याच पुण्यातून, जनता पक्षाचे म्हणून उभे राहिले आणि जिंकले, पुढे मोरारजींच्या मंत्रिमंडळात वाणिज्य मंत्री झाले. निवडणूक आयोगाच्या नोंदीत मात्र त्यांच्या नावापुढे 'भारतीय लोकदल' असं दिसतं. कारण जनता पक्षाची अधिकृत नोंदणी तोवर झालेली नव्हती आणि सगळ्या घटक पक्षांनी लोकदलाचं नांगरधारी शेतकऱ्याचं चिन्ह घेतलं होतं. जुने निकाल चाळताना बरेच जण इथे अडखळतात.

१९५७ मध्ये पुण्याने पक्ष पाहून मोठा माणूस पाडला. १९७७ मध्ये पक्ष बदलूनही माणूस राखला. दोन्ही वेळी मतदारासमोर एक ठसठशीत प्रश्न होता: आधी भाषिक राज्याचा, मग लोकशाहीचा.

गाडगीळांची अकरा वर्षं आणि त्यानंतरची उलटापालट

१९८०, १९८४ आणि १९८९ अशा सलग तीन निवडणुका काकासाहेबांचे चिरंजीव विठ्ठलराव गाडगीळ यांनी जिंकल्या. सलग तीनदा निवडून आलेला पुण्याचा दुसरा खासदार नाही. 'पुणं मूळचं काँग्रेसचं' ही समजूत मुख्यतः या दशकाने रुजवली.

१९९१ मध्ये भाजपचे अण्णा जोशी यांनी विठ्ठलरावांना हरवलं. पुण्यातून भाजपचा हा पहिला खासदार. आता त्याच वर्षीचं राज्याचं चित्र बघा: ४८ पैकी ३८ जागा काँग्रेसला, भाजपला फक्त पाच. त्या पाचांत पुणे. १९९६ मध्ये नेमकं उलटं झालं. राज्यात शिवसेना-भाजप युतीने ३३ जागा घेतल्या, काँग्रेसला १५ मिळाल्या. त्या पंधरांत पुणे. सुरेश कलमाडी यांनी कसब्याचे आमदार गिरीश बापट यांना हरवलं होतं.

१९९८ ची गोष्ट तर आजही सांगताना लोक दोनदा खात्री करून घेतात. कलमाडी काँग्रेसबाहेर पडून अपक्ष उभे राहिले आणि भाजप-शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध घसा कोरडा केला, त्यांच्यासाठी युतीचे कार्यकर्ते दारोदार फिरत होते. काँग्रेसने विठ्ठल तुपे यांना उभं केलं आणि तुपे जिंकले. कार्यकर्ता आदेश पाळतो. मतदाराला असा आदेश देता येत नाही, हे त्या निकालाने स्वच्छ दाखवलं.

पुढच्याच वर्षी पुन्हा निवडणूक. मधल्या काळात शरद पवार काँग्रेसबाहेर पडले होते आणि राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष जन्माला आला होता. तुपे राष्ट्रवादीकडून उभे राहिले, काँग्रेसकडून मोहन जोशी. एका घरची मतं दोन ठिकाणी गेली आणि भाजपचे प्रदीप रावत खासदार झाले. आपल्या निवडणूक पद्धतीत जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत, दुसऱ्यापेक्षा एक जास्त पुरते. त्यामुळे विरोधकांची फाटाफूट ही अनेकदा उमेदवाराच्या लोकप्रियतेपेक्षा मोठी ठरते. २००४ मध्ये दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या, कलमाडी स्वगृही परतले होते, आणि रावत हरले.

या काळात पुण्याने एक सवय लावून घेतली. १९९१ पासून २०२४ पर्यंतच्या नऊ निवडणुकांत विद्यमान खासदार पुन्हा निवडून आला तो एकदाच, २००९ मध्ये कलमाडी. बाकी आठही वेळा चेहरा बदलला. कधी मतदारांनी बदलला, कधी पक्षाने उमेदवारी न देऊन बदलला. २०१४ ला अनिल शिरोळे, २०१९ ला गिरीश बापट, २०२४ ला मुरलीधर मोहोळ. जिंकत असूनही भाजपने दर खेपेला नवा माणूस दिला. मला यात त्यांचा चतुरपणा दिसतो. खासदारावरची नाराजी पक्षाच्या खात्यावर जमा होण्याआधीच खातेदार बदलून टाकायचा.

आकडे जवळून पाहू

इथून पुढचं जरा सावकाश वाचा, कारण 'लाट' या एका शब्दाखाली जे झाकलं जातं ते सगळं या आकड्यांत आहे.

२००९. नव्या सीमांवरची पहिली निवडणूक. कलमाडींना २,७९,९७३ मतं, अनिल शिरोळे यांना २,५४,२७२. फरक २५,७०१. तिसऱ्या क्रमांकावर मनसेचे रणजित शिरोळे, सुमारे ७६ हजार मतं. बसपकडून उभे राहिलेले बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी, सुमारे ६३ हजार. मनसे आणि कुलकर्णी या दोघांनी मिळून घेतलेली मतं विजयाच्या फरकाच्या पाचपटीहून जास्त होती. त्यातली बरीचशी एरवी भाजपकडे गेली असती, असं त्या वेळी पेठांत आणि कोथरुडात सर्रास बोललं जाई, आणि मलाही ते पटतं.

पण त्याहून महत्त्वाचा आकडा मतदानाचा आहे. सुमारे ४१ टक्के. यादीत नावं होती साधारण १८ लाख. याचा अर्थ, यादीतल्या दर शंभर माणसांमागे जेमतेम पंधरा-सोळा जणांनी निवडलेला उमेदवार खासदार झाला. एकोणसाठ जण फिरकलेच नाहीत.

२०१४. राष्ट्रकुल स्पर्धांच्या प्रकरणात अटक झाल्यावर काँग्रेसने कलमाडींना निलंबित केलं होतं. उमेदवार होते विश्वजित कदम. त्यांना २,५४,०५६ मतं पडली. अनिल शिरोळे यांना ५,६९,८२५. फरक ३,१५,७६९.

आता दोन्ही निवडणुका शेजारी ठेवा. काँग्रेसची मतं २ लाख ८० हजारांवरून २ लाख ५४ हजारांवर आली. घट फक्त २६ हजारांची. भाजपची मतं मात्र ३ लाख १५ हजारांनी वाढली. ही मतं काँग्रेसकडून आलेली नाहीत, तेवढी काँग्रेसने गमावलीच नाहीत. मनसेची मतंही घटली नाहीत, दीपक पायगुडे यांना ९३ हजारांवर पडली. मग आली कुठून? मतदान ४१ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे अडीच लाखांहून जास्त मतं नव्याने पेटीत आली. त्यातली बहुतेक भाजपकडे गेली, शिवाय २००९ मधली कुलकर्णी यांची मतं मोकळी झाली होती. पुण्यातली २०१४ ची लाट म्हणजे मुख्यतः आधी घरी बसलेला माणूस बाहेर पडणं होतं. काँग्रेसचा मतदार फुटल्याच्या गोष्टी खूप रंगवल्या गेल्या, आकडे त्यांना साथ देत नाहीत.

२०१९ मध्ये गिरीश बापट ६,३२,८३५, काँग्रेसचे मोहन जोशी ३,०८,२०७. फरक ३,२४,६२८. झालेल्या मतदानापैकी शंभरातली ६१ मतं एकट्या बापटांना. मात्र मतदान पुन्हा ५० टक्क्यांच्या खाली घसरलं. निकाल ठरलेला आहे असं दोन्ही बाजूंच्या लोकांना वाटत होतं, त्याचा हा परिणाम असावा.

चौदा महिने खासदाराविना

२९ मार्च २०२३ रोजी गिरीश बापट यांचं निधन झालं. त्याच्या महिनाभर आधी, नाकात ऑक्सिजनची नळी असताना व्हीलचेअरवरून ते कसब्याच्या पोटनिवडणुकीच्या प्रचाराला आले होते. पाच वेळा ज्या कसब्याने त्यांना आमदार केलं, तो कसबा त्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रवींद्र धंगेकर यांनी सुमारे ११ हजार मतांनी जिंकला.

बापटांच्या जाण्याने लोकसभेची जागा रिकामी झाली. कायदा काय म्हणतो? लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १५१-अ: जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. अपवाद दोनच. उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर, किंवा त्या काळात निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं तर. सतराव्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे पुण्याची उरलेली मुदत वर्षाहून जास्त होती. पहिला अपवाद लागू नव्हता. आयोगाने दुसऱ्याचा आधार घेतला: यंत्रणा इतर निवडणुकांत आणि २०२४ च्या तयारीत गुंतली आहे, आणि निवडून येणाऱ्याला मुदतही थोडीच मिळेल.

पुण्यातला एक मतदार याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेला. १३ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने आयोगाची कारणं फेटाळली आणि तातडीने पोटनिवडणूक घ्यायला सांगितलं. मतदारांना प्रतिनिधीविना ठेवता येत नाही, हा निकालाचा गाभा होता. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, जानेवारी २०२४ मध्ये स्थगिती मिळाली, आणि मार्चमध्ये सार्वत्रिक निवडणूक जाहीर झाली.

वीस लाखांवर मतदारांचं हे शहर चौदा महिने लोकसभेत मुकं होतं. मेट्रो असो, विमानतळ असो की नदीचं काम, पुण्याच्या वतीने सभागृहात उभं राहून प्रश्न विचारणारा निवडून आलेला माणूस नव्हता. दर वर्षी पाच कोटींचा खासदार निधी कुठे वापरायचा हे सुचवणारं कुणी नव्हतं. याबद्दल शहरात जेवढा आरडाओरडा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. वाहतूककोंडीवर दिवसभर बोलणारे आपण, इथे गप्प राहिलो.

२०२४, आणि सहा महिन्यांनी

१३ मे २०२४ रोजी मतदान झालं, ५३ टक्क्यांच्या पुढे. भाजपचे माजी महापौर मुरलीधर मोहोळ यांना ५,८४,७२८ मतं, काँग्रेसचे धंगेकर यांना ४,६१,६९०. फरक १,२३,०३८. मोहोळ केंद्रात सहकार आणि नागरी विमान वाहतूक खात्यांचे राज्यमंत्री झाले.

२०१९ शी तुलना करा. भाजपची मतं ४८ हजारांनी घटली. काँग्रेसची दीड लाखांहून जास्त वाढली. वाढलेली दीड लाख आणि घटलेली ४८ हजार यांची बेरीज केली की फरक दोन लाखांनी का आटला ते कळतं. काँग्रेसच्या वाढीत नवं मतदान आहे, सोबत आलेल्या उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेची मतं आहेत, आणि वंचित बहुजन आघाडीकडून परतलेली मतंही आहेत. वंचितला २०१९ मध्ये सुमारे ६५ हजार मतं होती. २०२४ मध्ये मनसे सोडून आलेले वसंत मोरे उमेदवार असूनही ३२ हजारच मिळाली.

विधानसभानिहाय पाहिलं तर मोहोळांना सर्वांत मोठी आघाडी दिली कोथरूडने. ज्या कसब्यातून धंगेकर आमदार होते तिथेही मोहोळच पुढे राहिले. धंगेकर पुढे होते ते कॅन्टोन्मेंटमध्ये. २००८ साली नकाशावर कोथरूड नावाचा नवा तुकडा आला नसता तर २०२४ ची मतमोजणी बरीच अटीतटीची झाली असती.

आणि मग नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा आली. कॅन्टोन्मेंट, जिथे मे महिन्यात काँग्रेस पुढे होती, तिथे भाजपचे सुनील कांबळे निवडून आले. वडगाव शेरी, जिथे मे महिन्यात मोहोळ पुढे होते, तिथे शरद पवार गटाचे बापूसाहेब पठारे जिंकले. कसब्यात हेमंत रासने यांनी धंगेकरांना हरवलं, आणि २०२५ मध्ये धंगेकर काँग्रेस सोडून एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले.